दुसरं दार नसलेला ग्राहक

बँकेत जा, गॅस एजन्सीत जा, विमा कंपनीच्या शाखेत जा; भिंतीवर गांधीजींचा फोटो दिसतो आणि फोटोखाली ग्राहकाची थोरवी सांगणारा मजकूर. ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा, तो आपल्यावर अवलंबून नाही, आपणच त्याच्यावर अवलंबून आहोत, अशा अर्थाचा. गांधीजींच्या समग्र वाङ्मयात हा मजकूर सापडत नाही. १९४१ साली अमेरिकेतल्या स्टूडबेकर मोटार कंपनीचे एक उपाध्यक्ष, केनेथ इलियट, यांच्या नावावर जवळजवळ हेच बोल छापले गेले होते. गांधीजींचं नाव त्यांना पुढे केव्हातरी चिकटलं. भिंतीवरचं वाक्य कुणाचं आहे हे ज्या कचेरीने कधी तपासलं नाही, ती माझा अर्ज नीट वाचत असेल यावर मी विश्वास का ठेवावा?

वाक्य कुणाचंही असो, हेतू चांगला आहे. पण त्यात एक मोठी गफलत आहे. ग्राहक आपल्यावर अवलंबून नाही, असं ते सांगतं. ज्याच्यासमोर चार दुकानं आहेत त्याच्यापुरतं हे खरं. एका दुकानात उर्मट उत्तर मिळालं की तो शेजारच्या दुकानात जातो. पण ज्याची पेन्शन एकाच खात्यात येते, ज्याच्या घराला वीज एकाच ठिकाणाहून मिळते, ज्याचा पेशंट आत ऑपरेशन टेबलावर आहे, तो पूर्णपणे तुमच्या हातात असतो. त्याला दुसरं दार नाही. धंदा चालवणाऱ्याची पारख या माणसाशी तो कसा वागतो यावरून करावी. ज्याच्यासमोर चार दुकानं आहेत त्याच्याशी सगळेच गोड बोलतात.

भिलाईच्या रुआबांधा सेक्टरमध्ये राहणाऱ्याला हे फोड करून सांगावं लागत नाही. एकेकाळचं हे गाव. २ फेब्रुवारी १९५५ ला भारत आणि सोव्हिएत संघात पोलाद कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, टाउनशिप वाढत गेली आणि गावाचं नाव सेक्टरला लागलं. नागपूर-भंडाऱ्याकडची मराठी माणसंही कामासाठी इथे आली. १९५६ पर्यंत भिलाईचा दुर्ग जिल्हा आणि नागपूर एकाच राज्यात होते, राजधानीच नागपूर होती, त्यामुळे परमुलखात आलो असं त्यांना वाटलं नसावं. टाउनशिपमध्ये क्वार्टर कारखान्याचं. वीज कारखान्याची, टाउनशिपला वीज वाटण्याचा परवाना कारखान्याकडेच आहे आणि दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. पाणी मरोदा जलाशयातलं, तेही कारखान्यामार्फतच. आजारी पडलं की सेक्टर ९ चं जवाहरलाल नेहरू रुग्णालय. पोरांना घेऊन फिरायला जायचं तर मैत्री बाग.

त्या काळी ही केवढी मोठी गोष्ट होती हे पुढच्या पिढीने विसरू नये. खेड्यातून आलेल्या कामगाराला नळ, दिवा, शाळा, दवाखाना एकदम मिळाला. पण ज्याचं सगळं एकाच मालकाकडून येतं, तो कामगार असतो, भाडेकरू असतो, रोगी असतो, वीजग्राहक असतो आणि या चारही नात्यांत समोरचा माणूस एकच असतो. अशा वस्तीत माणूस ग्राहक म्हणून वाढतच नाही. तो अर्जदार म्हणून वाढतो. विनंती करतो, ओळख शोधतो, ‘अपने आदमी से बात कर लेंगे’ म्हणतो. हक्क म्हणून काही मागायचं असतं, ही सवयच लागत नाही. आणि ही गोष्ट भिलाईपुरती नाही. बल्लारपूरच्या पेपर मिलपासून जमशेदपूरपर्यंत जिथे जिथे कारखान्याने आपली वसाहत उभारली, तिथे तिथे हेच आहे.

वीज कायद्याने हे ओळखलं होतं. २००३ च्या कायद्यातल्या कलम ४२ प्रमाणे प्रत्येक वीजवितरण परवानाधारकाने ग्राहकांच्या तक्रारींसाठी मंच उघडलाच पाहिजे, आणि तिथे समाधान झालं नाही तर वर विद्युत लोकपाल आहे. ज्याला पुरवठादार बदलता येत नाही त्याला निदान दाद मागायला जागा असावी, हा त्यामागचा सरळ विचार. आपल्या वीजबिलाच्या मागची बाजू एकदा वाचा. या मंचाचा पत्ता तिथे छापलेला असतो का, तो डोळ्यांना दिसेल एवढ्या अक्षरांत असतो का, हे पाहा. तुमचा पुरवठादार तुम्हाला कोण समजतो ते तिथेच कळेल.

आता याच भिलाईची दुसरी बाजू, कारण तिच्याशिवाय माझं म्हणणं अर्धवट राहील. ताकदवान ग्राहक समोर उभा राहिला की हाच कारखाना काय करून दाखवतो ते पाहण्यासारखं आहे. भिलाई १९६० पासून रेल्वेचे रूळ बनवते. कित्येक दशकं भारतीय रेल्वेला रूळ देणारा हा जवळजवळ एकमेव कारखाना होता. वितळलेल्या पोलादात हायड्रोजन मिसळलेला असतो. पोलाद थंड होताना तो आत अडकतो आणि आतल्या आत केसासारख्या बारीक भेगा पाडतो. वरून रूळ गुळगुळीत, चकचकीत, भेग पोटात. गाड्या वरून जात राहतात, भेग वाढत राहते आणि एक दिवस रूळ तुटतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी रेल्वेने अट कडक केली: हायड्रोजन दहा लाख भागांत १.६ भागांच्या वर चालणार नाही. मग भिलाईत वितळलेल्या पोलादावर निर्वात पोकळी निर्माण करून त्यातला वायू ओढून काढणारी यंत्रणा बसली, आणि रूळ त्या अटीत बसू लागले.

लांबीचंही तेच. पूर्वी १३ मीटरचा रूळ असायचा. दर जोडावर खडखड, दर जोड म्हणजे कमकुवत जागा. रेल्वेला कमी जोड हवे होते. आज इथल्या युनिव्हर्सल रेल मिलमधून १३० मीटर लांबीचा अखंड रूळ निघतो आणि दोन रूळ जोडून २६० मीटरचा पट्टा गाडीवर चढतो. हे काम करणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. यातली कितीतरी माणसं आमच्याच गल्लीत राहतात. लाल तापलेला रूळ रोलरांतून धावत जातो तेव्हा मिलीमीटरच्या अंशात चूक होऊ न देणं म्हणजे काय, हे त्यांच्याकडून ऐकावं.

पण एवढं असूनही गरजेइतके रूळ मिळेनात, तेव्हा २०१७ मध्ये रेल्वेने लांब रुळांसाठी जागतिक निविदा काढली आणि पुढच्या वर्षी त्यातला काही वाटा छत्तीसगडमधल्याच रायगढच्या जिंदाल कारखान्याला गेला. रेल्वेला दुसरं दार सापडलं. एवढ्या मोठ्या ग्राहकाला ते सापडू शकतं. त्याच्याकडे इंजिनिअर आहेत, तपासणीस आहेत, माल परत करायची ताकद आहे. त्याने १.६ म्हटलं की १.६.

आणि आमच्या शेजारच्या काकाजींनी म्हटलं तर?

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. काकाजी कोक ओव्हनमधून निवृत्त झालेले. ईपीएस-९५ ची, भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या (ईपीएफओ) योजनेतली पेन्शन, म्हणजे त्यात भागतं असं कुणी म्हणणार नाही. २०१४ पासून तिची किमान रक्कम १,००० रुपयांवर ठेवलेली आहे. हयातीचा दाखला द्यायला मी त्यांना एका बँकेच्या शाखेत घेऊन गेलो. नोव्हेंबर असल्यामुळे गर्दी. बसायला खुर्च्या कमी, म्हातारी माणसं जास्त. कुणी भिंतीला टेकलेलं, कुणी पायरीवर. काकाजींची पाळी आली. खिडकीवरच्या मुलीने अंगठ्याचं यंत्र पुढे सरकवलं. उजवा अंगठा: नाही. डावा: नाही. तर्जनी: नाही. तिने कापूस ओला करून बोटं पुसून दिली, पुन्हा लावली: नाही. आयुष्यभर भट्टीपाशी काम केलेल्या हातांवर रेघाच उरल्या नव्हत्या. मुलगी म्हणाली, “दादाजी, अंगूठा ले नहीं रहा. कल आइए.” काकाजी तिला शांतपणे म्हणाले, “बेटी, कल दूसरा अंगूठा कहाँ से लाऊँगा?”

त्या मुलीचा चेहरा मी पाहिला. तिला वाईट वाटलं होतं. तिचा स्वभाव रूक्ष नव्हता, वागणं उद्धट नव्हतं. ती एजन्सीमार्फत लागलेली होती, पगार एजन्सीचा, वर्षाच्या करारावर. मी विचारलं, चेहरा ओळखून दाखला निघतो ना? तिला माहीत होतं. आधारवरून चेहरा ओळखून हयातीचा दाखला काढायची सोय ईपीएफओच्या पेन्शनरांना २०२२ पासून आहे, साधा स्मार्टफोन पुरतो. “निकलता है सर, लेकिन हमें यहाँ वो करने को बोला नहीं गया है.” मग आणखी एक विचारलं. ईपीएसच्या पेन्शनरने दाखला नोव्हेंबरातच द्यायला पाहिजे असं आता नाही. वर्षात कधीही द्यावा, दिल्यापासून बारा महिने चालतो, हा बदल होऊनही वर्षं झाली. मग ही सगळी म्हातारी माणसं याच महिन्यात इथे का उभी आहेत? तिने मागे काचेच्या केबिनकडे पाहिलं. केबिनमध्ये साहेब मीटिंगमध्ये होते. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची मीटिंग, विषय नव्या खात्यांचं टार्गेट.

शेवटी बाकावर बसून माझ्याच फोनवर काकाजींचा चेहरा दाखवला. पापण्या मिटा, उघडा. दाखला निघाला. त्याला चहा संपायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. ते बघून शेजारच्या बाई म्हणाल्या, “भैया, मेरा भी कर दो.” मग तिसरे गृहस्थ उठून आले. जे काम खिडकीच्या आत व्हायला हवं होतं ते बाकावर झालं. काकाजींना फोन हाताळणारा शेजारी होता म्हणून. ज्यांना तो नव्हता ते ‘कल’ आले असतील.

यात दोष कुणाचा? खिडकीवरच्या मुलीला नावं ठेवणं सगळ्यांत सोपं. रांगेतली माणसं तेच करत होती. “इनको आता ही नहीं कुछ.” मला ते मान्य नाही. तिला येत होतं, तिला करायचंही होतं, तिला करू दिलं नव्हतं. सोय सरकारने केली, नियम मुख्यालयात बदलला, परिपत्रक ईमेलने शाखेत आलं आणि काचेच्या केबिनच्या अलीकडे पोचलंच नाही. परिपत्रक खिडकीपर्यंत नेणं हे साहेबांचं काम होतं. सकाळी पाच मिनिटं उभ्या उभ्या सगळ्यांना बोलावून ‘आजपासून अंगठा लागला नाही तर चेहऱ्याने करा, मला विचारायला येऊ नका’ एवढं सांगितलं असतं तर काम झालं असतं. याला मी नेतृत्व म्हणतो. बाकी टार्गेट, प्रेझेंटेशन, झोनल पुरस्कार, ते सगळं त्यानंतर.

१९८१ मध्ये यान कार्लसन स्कॅन्डिनेव्हियन एअरलाइन्सचे प्रमुख झाले, तेव्हा कंपनी तोट्यात होती. त्यांनी एक साधा हिशेब मांडला. वर्षाला एक कोटी प्रवासी. प्रत्येक प्रवाशाचा कंपनीच्या साधारण पाच माणसांशी संबंध येतो. दर वेळी सरासरी पंधरा सेकंद. म्हणजे वर्षात पाच कोटी वेळा पंधरा-पंधरा सेकंद. कंपनी चांगली की वाईट हे त्या पंधरा सेकंदांत ठरतं आणि त्या वेळी तिथे साहेब नसतो. मग ज्याच्यासमोर प्रवासी उभा आहे त्यालाच निर्णयाचा अधिकार द्यायला हवा, हे ओघानेच आलं. रिट्झ-कार्लटन हॉटेलांत प्रत्येक कर्मचाऱ्याला, अगदी सफाई करणाऱ्यालासुद्धा, पाहुण्याची अडचण सोडवायला २,००० डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा आहे, वर कुणाला न विचारता. आमच्या खिडकीवरच्या मुलीला झेरॉक्सचे दोन रुपये स्वतःच्या अधिकारात माफ करता येत नाहीत.

परदेशातलं उदाहरण नको असेल तर मुंबईचं घ्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ताजमहाल हॉटेलच्या कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांना सोडून पळ काढला नाही. ११ कर्मचाऱ्यांचा जीव गेला. असं का झालं याचा अभ्यास हार्वर्डच्या रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी केला, तो २०११ मध्ये छापून आला. त्यात शौर्याच्या कथांपेक्षा भरतीच्या आणि शिकवणीच्या गोष्टी जास्त आहेत. ताज लहान गावांतली मुलं घेतं, गुणांपेक्षा वळण बघतं, दीड वर्ष शिकवतं. एका पाहुण्याचा दिवसाला चाळीस-पंचेचाळीस वेळा कर्मचाऱ्यांशी संबंध येतो आणि बहुतेक वेळा वरिष्ठ समोर नसतो, हे ते धरून चालतात. म्हणून त्यांना शिकवलं जातं की तुम्ही कंपनीकडे पाहुण्याची बाजू मांडणारे आहात. आपल्याकडे बरोबर उलट शिकवतात: ग्राहकाकडे कंपनीची बाजू मांडा, आणि नाहीच पटलं तर ‘सिस्टम अलाऊ नहीं कर रहा’ म्हणा.

आणि हॉटेल महाग असतं, तिथे जमतं, असं कुणी म्हणेल तर डबेवाल्यांकडे पाहावं. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं काम. त्यांच्यात मुकादम असतो, तो टोळीचा हिशेब बघतो, भांडण तोडतो आणि गरज पडली की स्वतः डबे उचलतो. कुणी गैरहजर राहिला तर त्याच्या वाटेवर मुकादम जातो. गिऱ्हाईकाच्या दाराशी तो उभा राहिलेला असतो म्हणून गिऱ्हाईक काय म्हणतं हे त्याला अहवालातून कळून घ्यावं लागत नाही. केबिनच्या काचेआडून हे दिसत नाही.

आमच्या रुआबांध्याच्या भाजीबाजारात लाल भाजी आणि मुनगा विकणारी एक बाई बसते. तोलून झालं की वर मूठभर घालते, इकडे त्याला पुरौनी म्हणतात. एखाद्या दिवशी भट्याला (वांग्याला) कीड निघाली म्हणून परत नेलं तर ती बिल विचारत नाही, अर्ज मागत नाही. घेते, फेकते, दुसरं देते. तिच्या जागी खिडकी आणि साहेब एकच आहेत, एवढाच फरक. मोठ्या कंपनीत ते दोन वेगळे झाले की मधे भिंत उभी राहते, आणि ती भिंत पाडायचं काम साहेबाच्याच बाजूने व्हायला लागतं. ग्राहक बाहेरून कितीही ठोठावो, त्याने पडत नाही.

दुसरं दार नाही म्हणून माणसं कायम गप्प बसतात असंही नाही. भिलाईला लोहखनिज देणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणींत ठेक्यावरचे मजूर होते. खनिज तेच काढत होते, पण कायम कामगाराला मिळणारा दवाखाना त्यांच्यासाठी तसा नव्हता. त्यांच्या संघटनेच्या पुढारी कुसुमबाई बाळंतपणात, वेळेवर उपचार न मिळाल्याने गेल्या. शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली त्या मजुरांनी आपल्या वर्गणीतून आणि श्रमातून स्वतःचं रुग्णालय बांधलं. १९७७ च्या पोलीस गोळीबारात मेलेल्या साथीदारांच्या स्मरणार्थ त्याला शहीद हॉस्पिटल नाव दिलं, आणि १९८३ मध्ये ते सुरू झालं. बिनायक सेन, आशिष कुंडू, शैबाल जाना हे डॉक्टर तिथे आले. जाना तर दशकानुदशकं तिथेच राहिले. मजुरीवर जगणाऱ्यांनी दवाखाना उभा केला तो चांगली वागणूक मिळावी म्हणून, खिडकीवरून हाकलले जाऊ नये म्हणून. नियोगींचा भिलाईतच २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे खून झाला. रुग्णालय चालू आहे. ग्राहकसेवेवर व्याख्यानं देणाऱ्यांना मी दल्ली-राजहराला जायला सांगेन. कुणाला नाकारलं तर तो काय उभं करू शकतो, हे तिथे दिसतं.

महाराष्ट्रात शहरी मध्यमवर्गाने हेच वेगळ्या वाटेने केलं. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. एकेका आळीतली दहा-बारा कुटुंबं एकत्र येऊन महिन्याचं वाणसामान थेट घेऊ लागली. तोलणं, वाटणं, हिशेब सगळं आपणच. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा झाला त्याच्याआधी दहा वर्षांहून अधिक काळ ही माणसं माल तपासत, भाव विचारत, अर्ज करत होती. आज ज्यांना पाच मिनिटांत एका बटणावर तक्रार करता येते त्यांना हे कष्ट कळायचे नाहीत. पण बटण आलं म्हणून ऐकणारा आला असं होत नाही. फोन ठेवल्याठेवल्या ‘पाँच स्टार दे दीजिए सर, वरना सैलरी कटती है’ अशी विनवणी येते, तेव्हा मला त्या मुलाला पाच स्टार द्यावेच लागतात, त्याचं पोट आहे. मग महिनाअखेर साहेबांना दिसतं की ग्राहक अत्यंत समाधानी आहे. ही माहिती साहेबांनी स्वतःच बिघडवलेली असते.

नियम आपल्या बाजूचे आहेत आणि ते वापरावेत, असं मी प्रत्येकाला सांगतो. एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून गेले, तर बँकेने पाच दिवसांत परत करायचे. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने मागायची वाट न पाहता. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. नोव्हेंबर २०२१ पासून ती योजना एकत्रित आहे, फी नाही, वकील लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. हे सगळं शाखेत ठळक अक्षरांत लावता येतं. लावत नाहीत.

शाखाप्रमुखांनो, व्यवस्थापकांनो, मी काही कोटींची यंत्रणा मागत नाही. महिन्यातून एक दिवस खिडकीवर बसा, नाव न सांगता. आपल्याच हेल्पलाइनला आपल्याच फोनवरून फोन लावा आणि माणूस बोलेपर्यंत किती आकडे दाबावे लागतात ते पाहा. खिडकीवरच्या मुलीला लेखी सांगा की ५०० रुपयांपर्यंतची चूक तिने तिथल्या तिथे दुरुस्त करावी. म्हाताऱ्या माणसाला ‘कल आइए’ म्हणायचं असेल तर ते शब्द तुम्ही स्वतः येऊन म्हणा. हा एक नियम केलात तरी त्या शब्दांची संख्या कमी होईल, याची मला खात्री आहे. आणि तिने कुणाचं काम नियमाच्या थोडं पलीकडे जाऊन केलं आणि त्यात चूक झाली, तर तिची बाजू घ्या. एकदा तिला तुम्ही वाऱ्यावर सोडलंत की ती पुन्हा कधीच कुणासाठी नियमाबाहेर पाऊल टाकणार नाही, आणि तिच्या शेजारचे चौघेही टाकणार नाहीत.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: स्टाफ नाही. ते खरं आहे, मी स्वतः पाहतो. जिथे पूर्वी चार माणसं बसायची तिथे एक बसतं, आणि तेही करारावर. पण हे उत्तर मला खिडकीवर दिलं जातं आणि तिथेच संपतं, हे मला मान्य नाही. ते उत्तर वर गेलं पाहिजे, झोनल ऑफिसात, मुख्यालयात, संचालकांच्या मीटिंगमध्ये, जिथे वार्षिक अहवाल छापताना ग्राहकाला पहिल्या पानावर वंदन केलेलं असतं. नोव्हेंबरात रांग लागणार हे दर वर्षी ठाऊक असतं. शाखेत किती माणसं बसवायची, हे काकाजी ठरवत नाहीत आणि ती मुलगीही ठरवत नाही.